खुर्चीमागे उभे करण्याआधी शिकवा : न्हावा शेवा परिसरातील सलून-पार्लर कारागिरांचे मागणीपत्र

प्रति,
मा. जिल्हाधिकारी, रायगड
(जिल्हा ग्राहक संरक्षण परिषदेचे अध्यक्ष या नात्याने)

प्रत कार्यवाहीसाठी : अन्न व औषध प्रशासन, जवाहरलाल नेहरू बंदर प्राधिकरण, उरण नगर परिषद, तालुका आरोग्य अधिकारी, शासकीय औद्योगिक प्रशिक्षण संस्था.

विषय : सलून व पार्लरमध्ये काम शिकणाऱ्या मुलामुलींना त्वचा-केसांचे शास्त्र आणि ग्राहक कायदा शिकवण्याची सोय करण्याबाबत.

महोदय,

परदेशी हेअर कलर, डेव्हलपर, स्मूदनिंगचे क्रीम असा माल समुद्रमार्गे देशात उतरतो तो ठरावीक बंदरांतच. न्हावा शेवा त्यांतले एक. सौंदर्यप्रसाधने नियम, २०२० प्रमाणे या मालाची आधी केंद्रीय औषध मानक नियंत्रण संघटनेकडे नोंदणी व्हावी लागते; नोंदणी प्रमाणपत्राचा क्रमांक आणि प्रमाणपत्रधारकाचे नाव-पत्ता लेबलवर असावा लागतो. बंदरात त्यासाठी अधिकारी बसतात, कागद तपासले जातात. तोच माल मुंबईच्या घाऊक बाजारातून फिरून पुन्हा खाडी ओलांडतो आणि जासई, करळ, द्रोणागिरी, बोकडविरा, उरण इथल्या दुकानांत येतो. तिथे ट्यूब उघडतो अठरा-एकोणीस वर्षांचा शिकाऊ मुलगा किंवा मुलगी. लेबलवर असा क्रमांक असतो, तो कशासाठी असतो आणि नसला तर काय समजायचे, हे त्यांना कोणी सांगितलेले नसते. हे मागणीपत्र बंदर ते खुर्ची या शेवटच्या टप्प्याबद्दल आहे.

इथे बंदर १९८९ मध्ये सुरू झाले. शेती आणि मिठागरे गेलेल्या गावांतली पोरे कंटेनर यार्डात लागली, कोणी ड्रायव्हर झाली, काहींनी एक आरसा आणि दोन खुर्च्या टाकून दुकान मांडले. जानेवारी २०२४ मध्ये अटल सेतू उघडला, त्याच दिवशी उरणपर्यंत लोकलही आली आणि मुंबईच्या फॅशनचे गिऱ्हाईक इथेच मागणी करू लागले. पूर्वी दाढी-कटिंगवर भागायचे. आता केराटिन, ग्लोबल कलर, डी-टॅन येत नाही म्हटले तर गिऱ्हाईक पुढच्या दुकानात जाते. काम बदलले, शिकण्याची रीत मात्र तीच राहिली : मालकाच्या शेजारी उभे राहा आणि बघा. बघून हात वळतो, हे आम्हीही मान्य करतो. पण ॲलर्जी बघून कळत नाही.

आमच्या भागातले रोजचेच उदाहरण घ्या. आगरी घरात लग्न म्हटले की हळद मोठी. हळदीच्या दिवशी दुपारी नवऱ्याचे काका, मामा, मोठा भाऊ असे चार-पाच जण एकदम दुकानात येतात आणि सगळ्यांना 'काळा मारून' हवा असतो. आता कायदा काय सांगतो ते पाहा. पॅराफिनिलीनडायमीन, म्हणजे ज्याला सगळे पीपीडी म्हणतात, ते असलेल्या कलपाच्या खोक्यावर इंग्रजीत आणि स्थानिक भाषेत सावधगिरीची सूचना आणि चाचणीची कृती द्यावी लागते. कानामागे किंवा कोपर आणि मनगट यांच्यामध्ये आतल्या बाजूला थोडा तयार कलप लावायचा, वाळू द्यायचा, २४ तासांनी धुऊन पाहायचे. लाली, खाज, सूज नसेल तरच पुढे जायचे, आणि हे दर वेळी करायचे. कारण गेल्या खेपेला काही झाले नाही याचा अर्थ या खेपेला होणार नाही असा नाही. शरीर एकदा त्या द्रव्याला ओळखू लागले की पुढच्या वेळी चवताळते, आणि तेही लगेच नाही. दोन-तीन दिवसांनी डोळे सुजून बंद होतात, कपाळावर पाणी सुटते. तोवर लग्न लागून गेलेले असते आणि दुकानावर माणसे चालून आलेली असतात.

हळदीच्या दुपारी २४ तास आणायचे कुठून? गिऱ्हाईक थांबणार नाही, मालक पैसे सोडणार नाही. मधे सापडतो तो ब्रश हातात धरलेला शिकाऊ. आमची पहिली मागणी म्हणूनच सोपी आणि बिनखर्चाची आहे : जिल्हा प्रशासनाने एका पानाचा मराठी-हिंदी नमुना तयार करून द्यावा, ज्यावर चाचणीची तारीख, कलपाचे नाव, बॅच क्रमांक आणि गिऱ्हाइकाची सही असेल. चाचणी झाली नसेल तर 'आज कलप लागणार नाही' असे सांगण्याचा हक्क कारागिराला आहे, असा फलक प्रशासनाच्या नावाने दुकानात लागावा. पोराने सांगितले तर तो उर्मटपणा ठरतो. सरकारी फलकाने सांगितले तर गिऱ्हाईक कुरकुरते, पण ऐकते. नकार देणे या व्यवसायाला नवे नाही. १८९० साली नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने मुंबईच्या नाभिकांनी विधवांच्या डोक्याला वस्तरा लावणार नाही असे ठरवले होते. तेव्हा प्रश्न माणुसकीचा होता, आता सुरक्षिततेचा आहे. वस्तरा कुठे थांबवायचा हे कारागिराने ठरवायचे, ही परंपरा आमचीच.

दुसरी मागणी शिक्षणाची, आणि इथे थोडे सविस्तर लिहावे लागेल, कारण 'ट्रेनिंग' म्हटले की कंपनीचा माणूस येऊन आपलीच ट्यूब विकून जातो, असा आमचा अनुभव आहे.

डेव्हलपरच्या, म्हणजे कलरमध्ये मिसळायच्या द्रवाच्या, बाटलीवर १०, २०, ३०, ४० असे आकडे असतात. शिकाऊ पोरे त्यांना 'पॉवर' म्हणतात आणि आकडा मोठा तर काम लवकर असे धरून चालतात. प्रत्यक्षात ते हायड्रोजन पेरॉक्साइडचे प्रमाण आहे : ३, ६, ९ आणि १२ टक्के. कलरमधला अमोनिया केसाचे बाहेरचे खवले उघडतो, पेरॉक्साइड आत शिरून मूळ रंग फिका करतो आणि नवा रंग आतच तयार होतो. निरोगी टाळूची त्वचा किंचित आम्लधर्मी असते. तिच्यावर १२ टक्क्यांचे अल्कधर्मी मिश्रण ठेवून वर हीटर लावला तर भाजणारच. ही रसायनशास्त्राची पदवी नाही, एका दुपारचे काम आहे. पण ती दुपार कोणाच्या वाट्याला आलेली नाही. तसेच काळ्या मेंदीचे. मेंदीचा पाला तांबूस-तपकिरीच रंग देतो. पुडीतली मेंदी कोळशासारखी काळी चढली तर तीत कलप मिसळलेला आहे, हे 'नॅचरल' शब्दाला भुलणाऱ्या गिऱ्हाइकाला सांगता आले पाहिजे.

केराटिन-स्मूदनिंगमध्ये गरम प्रेस फिरवताना डोळे चुरचुरतात तो धूर बऱ्याच मालातून सुटणाऱ्या फॉर्मल्डिहाइडचा असतो. गिऱ्हाईक तो वर्षातून दोनदा घेते, शिकाऊ रोज घेतो. फ्रान्समधल्या डॉक्टरांनी २०२४ साली एका तरुणीची नोंद प्रसिद्ध केली : ग्लायॉक्सिलिक आम्ल असलेल्या क्रीमने केस सरळ करून घेतल्यावर तिच्या मूत्रपिंडाला तीन वेळा इजा झाली. आणि फ्रान्सपर्यंत कशाला जायचे? आपल्या अकोल्यात एकाच कुटुंबातल्या तिघी गोरेपणाच्या क्रीमने मूत्रपिंडाच्या आजाराने पडल्या. क्रीम स्थानिक ब्युटिशियनकडून घेतलेले होते, आणि मुंबईच्या केईएममध्ये तपासल्यावर त्यात पारा निघाला. आपल्या नियमांत डोळ्यांभोवतीची प्रसाधने सोडून इतरांत नकळत आलेला पारादेखील दहा लाखांत एक भाग याहून जास्त चालत नाही. त्या ब्युटिशियनला हे माहीत असते तर तिने बिननावाची डबी काउंटरवर ठेवली असती का, हा विचार प्रत्येक पार्लरवालीने करावा.

आता तुरटी. दाढी झाली की तुरटीचा ओला खडा गालावरून फिरतो. आधीच्या गिऱ्हाइकाच्या गालावरून फिरलेला तोच खडा. रक्त थांबते म्हणून सगळे तिला जंतुनाशक समजतात. पण हेपटायटिस बी चा विषाणू कोरड्या पृष्ठभागावर किमान सात दिवस टिकू शकतो. ब्लेड नवे टाकायचे आणि खडा जुना फिरवायचा, हे अर्धेच काम झाले. मशीनचे दाते, कंगवा, मानेवरचा ब्रश यांतून गजकर्णही पसरते. मान कडकन मोडण्याची सवय तर आता बंदच झाली पाहिजे. मानेतून मेंदूकडे जाणाऱ्या रक्तवाहिनीला इजा होऊन पक्षाघात झाल्याच्या घटना देशात नोंदल्या गेल्या आहेत. गिऱ्हाईक स्वतःच 'दादा, एक कडाका काढ' म्हणते हे खरे, तरीही.

म्हणून तालुक्याच्या औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत किमान ४० तासांचा वर्ग मराठीत, आणि परप्रांतीय कारागिरांसाठी हिंदीत, दुकाने बंद असलेल्या सोमवारी भरवावा. शिकवायला त्वचारोगतज्ज्ञ, अन्न व औषध प्रशासनाचा निरीक्षक, ग्राहक कायदा जाणणारा वकील आणि एक जुना कारागीर असे चौघे असावेत. खर्चाचा वाटा बंदर प्राधिकरणाने सामाजिक जबाबदारी निधीतून उचलावा. पीएम विश्वकर्मा योजनेत नाभिक व्यवसाय आहे, पाच ते सात दिवसांचे प्राथमिक प्रशिक्षण आणि अवजारांसाठी १५,००० रुपयेही आहेत; पण ब्युटी पार्लर त्या १८ व्यवसायांत नाही, त्यामुळे शिकणाऱ्या मुली बाहेर राहतात. शिकाऊ उमेदवार कायदाही उपयोगाचा नाही, कारण चारपेक्षा कमी माणसे असलेल्या आस्थापनेला तिथे उमेदवार घेता येत नाही आणि आमची बहुतेक दुकाने दोन खुर्च्यांची. तीन-चार दुकाने मिळून एक आस्थापना धरावी, अशी शिफारस आपण राज्याकडे करावी.

ग्राहक कायदा शिकवा, या मागणीवर आमच्याच बैठकीत वाद झाला. काहींचे म्हणणे, गिऱ्हाइकाला त्याचे हक्क सांगणे म्हणजे हाताने साप घरात घेणे. आम्हाला ते पटत नाही. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मागितल्याशिवायही लागू आहेच. पाच लाखांपर्यंतच्या मोबदल्याच्या तक्रारीला जिल्हा आयोगात शुल्क नाही, मुदत दोन वर्षांची आहे आणि १९१५ हा ग्राहक हेल्पलाइनचा नंबर कोणीही फिरवू शकते. बिल न देणे हीच त्या कायद्यात अनुचित व्यापारी प्रथा आहे. आमच्यातल्या किती जणांना हे ठाऊक होते? त्याच कायद्यात उत्पादकाचा ठावठिकाणा नसेल तर नुकसानीची जबाबदारी विकणाऱ्यावर येते. म्हणजे घाऊक बाजारातून वीस रुपये वाचवायला घेतलेली बिननावाची डबी काउंटरवरून विकली की कंपनीचा भार आपल्या डोक्यावर.

दिल्लीतल्या एका पंचतारांकित हॉटेलच्या सलूनमध्ये २०१८ साली एका ग्राहकाचे केस सांगितल्याहून फार आखूड कापले गेले. राष्ट्रीय ग्राहक आयोगाने २०२१ मध्ये दोन कोटी रुपये भरपाई मंजूर केली. सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२३ मध्ये सेवेतल्या त्रुटीच्या निष्कर्षाला हात लावला नाही, मात्र एवढ्या रकमेला पुरावा हवा म्हणून प्रकरण आयोगाकडे परत पाठवले. त्यानंतरही ते चालूच राहिले. हॉटेलला वकील परवडतात. करळ फाट्यावरच्या दुकानदाराला एक तारीखसुद्धा परवडत नाही, कारण जिल्हा आयोगासाठी अलिबागला गेले की दिवसाचा धंदा बुडतो. चाचणीची नोंद, गिऱ्हाइकाची सही आणि बिल एवढे कागद हाताशी असले तर दोन्ही बाजूंचे भांडण तिथेच मिटते.

तपासणीला आमचा विरोध नाही. मात्र ती घाऊक विक्रेत्यापासून सुरू व्हावी. नोंदणी क्रमांक नसलेला परदेशी कलप पकडायचा तर तो गोदामात खोक्यांनी सापडतो, आमच्या फळीवर दोन ट्यूब सापडतात. आम्ही नवा परवानाही मागत नाही. परवाना आला की दलाल येतो, आणि लहान दुकान आधी बंद पडते.

वापरलेली ब्लेड आज ओल्या-सुक्या कचऱ्यात जातात आणि सफाई कामगाराच्या हातात घुसतात. नगर परिषदेने आणि ग्रामपंचायतींनी जाड प्लास्टिकचे झाकणबंद डबे द्यावेत आणि ते भरले की वेगळे उचलावेत. शिकाऊंना हेपटायटिस बी लसीचे तिन्ही डोस सरकारी रुग्णालयात मोफत मिळावेत.

हे अशक्य नाही. टाळेबंदीनंतर २८ जून २०२० रोजी राज्यात सलून उघडली तेव्हा केस कापणे, कलप अशा ठरावीक कामांचीच परवानगी होती, दाढीची नव्हती. हातमोजे, मास्क, एकदाच वापरायचा टॉवेल हे सगळे आम्ही पाळले. सरकारने स्पष्ट भाषेत सांगितले, म्हणून पाळता आले.

आमच्याकडून एवढे मान्य करतो : वर्ग सुरू झाल्यापासून तीन महिन्यांत प्रत्येक सभासद दुकानात दरपत्रक आणि बिलबुक असेल, तुरटीच्या खड्याऐवजी दर गिऱ्हाइकाला वेगळी पूड किंवा फवारा असेल, आणि वर्ग न केलेल्या शिकाऊच्या हातात कलप दिला जाणार नाही. जो दुकानदार हे मोडेल त्याची बाजू आमची संघटना घेणार नाही.

या मागण्यांवर चर्चेसाठी वेळ द्यावा आणि उत्तर लेखी मिळावे, ही विनंती. बैठक शक्यतो सोमवारी ठेवावी. त्या दिवशी दुकाने बंद असतात आणि शिकाऊ मुलेमुलीही येऊ शकतील.

आपले,
न्हावा शेवा परिसरातील (तालुके उरण व पनवेल) सलून-पार्लर कारागीर, दुकानदार व शिकाऊ सभासद