यंत्र कोणतेही घ्या, नकाशा कुणाचा?

नारळी पौर्णिमेला दर्याला नारळ अर्पण करून कोकणातील कोळी बांधव नव्या हंगामाला सामोरा जातो. त्याच्या नौकेवर आता होकायंत्राच्या जोडीला एक छोटा पडदा चमकत असतो. बंदरावर त्याला सरसकट ‘जीपीएस’ म्हणतात. त्याचे खरे नाव चार्ट प्लॉटर. उपग्रहांच्या संकेतांवरून नौकेचे स्थान ओळखायचे आणि यंत्रात भरलेल्या सागरी नकाशावर ते ठिपक्याने दाखवायचे, एवढेच त्याचे काम. परंतु रात्रीच्या अंधारात, धुक्यात किंवा अवचित उठलेल्या वादळात त्या एका ठिपक्यावर सात-आठ माणसांचे प्राण अवलंबून असतात.

असे यंत्र घेताना बंदरावरच्या दुकानात कोणते प्रश्न विचारले जातात? पडदा किती इंची? रंगीत आहे का? मासळीचा थवा दाखवणारा फिश फाइंडर त्यातच आहे का? उधारीवर मिळेल का? हे प्रश्न गैर नाहीत. पण मूळ प्रश्न बाजूलाच राहतो. या यंत्रातला नकाशा कुणी काढला, कोणत्या सर्वेक्षणावरून काढला आणि तो शेवटचा कधी दुरुस्त झाला? यंत्र म्हणजे केवळ चौकट. नौका वाचवतो किंवा बुडवतो तो तिच्यातला नकाशा. आमचे म्हणणे स्पष्ट आहे. आपल्या समुद्राचा आपल्याच सर्वेक्षकांनी तयार केलेला अधिकृत नकाशा या देशातल्या सर्वांत लहान नौकेपर्यंत, तिच्या तांडेलाच्या भाषेत आणि त्याला परवडेल अशा रीतीने पोहोचला पाहिजे. तो पोहोचवणे हे शासनाचे कर्तव्य आहे, आणि तो मागणे हा नौकामालकाचा हक्क आहे.

पडद्यावर न दिसलेला खडक

नकाशाचे महत्त्व पटण्यासाठी आपल्याच हिंदी महासागरातील एक घटना पुरेशी आहे. 2014 च्या व्होल्व्हो ओशन रेस या जगप्रसिद्ध शर्यतीत ‘टीम वेस्टास विंड’ ही नौका केप टाउनहून अबू धाबीकडे निघाली होती. जगातील निष्णात दर्यावर्दी तिच्यावर होते आणि उपकरणे अत्याधुनिक होती. 29 नोव्हेंबर रोजी, अंधार पडल्यानंतर, मॉरिशसच्या ईशान्येस असलेल्या कार्गाडोस काराजोस या प्रवाळखडकावर ती पूर्ण वेगात आदळली. नऊही खलाशी वाचले, हे दैवच म्हणायचे. हा खडक शतकानुशतके दर्यावर्दींना ठाऊक आहे. तो नकाशातही होता. मात्र पडद्यावरील नकाशा मोठ्या क्षेत्राचा ठेवला की तो नाहीसा होई आणि जवळ आणला तरच दिसे. नाविकांनी त्या ठिकाणी नकाशा पुरेसा जवळ आणून पाहिला नाही, आणि यंत्राने आपण होऊन इशारा दिला नाही.

जे या धनाढ्य शर्यतवीरांचे झाले ते आपल्या मालवण-वेंगुर्ल्याच्या तांडेलाचे होणार नाही, असे कोण म्हणेल? या किनाऱ्याजवळ पाण्याखालच्या खडकांची रांगच आहे. सिंधुदुर्गाची जागा शिवछत्रपतींनी निवडली ती उगाच नव्हे. त्या खडकांतून वाट काढणे परक्या गलबताला अशक्यप्राय होते. वाट ठाऊक असणे हेच त्या काळी शस्त्र होते, आणि आजही आहे. फरक इतकाच की, ती वाट आज परक्याच्या यंत्रात बंद झाली आहे आणि ती आपण पैसे मोजून विकत घेतो.

तीन मीटरांचा भ्रम

येथे थोडे तांत्रिक विवेचन आवश्यक आहे. इलेक्ट्रॉनिक नकाशे दोन प्रकारचे असतात. पहिल्या प्रकारास रास्टर म्हणतात; तो म्हणजे कागदी नकाशाचे जसेच्या तसे छायाचित्र. दुसरा व्हेक्टर. त्यात खोली, खडक, बोया, दीपगृहे अशी प्रत्येक गोष्ट वेगवेगळ्या थरात नोंदलेली असते, आणि म्हणूनच उथळ पाण्याजवळ जाताच घंटा वाजवणे यंत्राला शक्य होते. मात्र त्याच सोयीपायी थर झाकलेही जातात. ‘वेस्टास’चा धडा हाच आहे.

त्याहून मोठा भ्रम अचूकतेचा. दुकानदार सांगतो की, हे यंत्र तुमचे स्थान काही मीटरांपर्यंत अचूक दाखवते. ते खरे आहे. पण ज्या खडकापासून तुम्हाला दूर राहायचे आहे, तो नकाशात किती अचूक नोंदला आहे? अधिकृत इलेक्ट्रॉनिक नकाशात प्रत्येक क्षेत्राच्या सर्वेक्षणाची विश्वासार्हता स्पष्ट नोंदलेली असते. सर्वोत्तम श्रेणीत स्थानाची चूक सुमारे 5 मीटर धरली जाते, मधल्या श्रेणीत 50 मीटर, आणि त्याखालच्या श्रेणीत ती 500 मीटरही असू शकते. म्हणजे नौकेचा ठिपका बरोबर आणि खडक अर्धा किलोमीटर सरकलेला! तीच गत खोलीची. नकाशातील खोली ही खोल ओहोटीच्या पातळीपासून मोजलेली असते. मुंबईजवळ उधाणाच्या दिवशी भरती-ओहोटीतील अंतर पाच मीटरांच्या घरात जाते. नकाशातला आकडा आणि त्या क्षणीचे पाणी यांचा मेळ तांडेलालाच घालावा लागतो. खाडीच्या मुखाशी तर प्रत्येक पावसाळ्यानंतर वाळूचे दांडे जागा बदलतात. गेल्या वर्षीचा नकाशा तेथे यंदा फसवू शकतो.

अनेक खासगी नकाशांसोबत यंत्र सुरू होताच पडद्यावर इंग्रजीत एक सूचना उमटते. केवळ या नकाशावर विसंबून नौकानयन करू नये, अधिकृत नकाशा पाहावा, असा तिचा आशय असतो. कंपनी अशा रीतीने कायद्याच्या कचाट्यातून सुटते. तांडेल मात्र ती सूचना न वाचता बटण दाबतो, कारण ती त्याच्या भाषेत नसते. मराठीत सूचना देणारे यंत्र बंदरावरच्या दुकानात एकदा मागून पाहावे. काय उत्तर मिळते ते वाचकांनीच अनुभवावे.

घरात विहीर, तरी पाणी विकतचे

हे सारे आपल्याकडे तज्ज्ञ नाहीत म्हणून घडत असते, तर गोष्ट वेगळी होती. सागरी सर्वेक्षणाचा विभाग या देशात 1874 मध्ये कोलकात्यात सुरू झाला. आज डेहराडूनचे राष्ट्रीय जलसर्वेक्षण कार्यालय नौदलाच्या अखत्यारीत आपल्या सागराचे अधिकृत नकाशे, इलेक्ट्रॉनिक नकाशांसह, तयार करते. गोव्यात या शास्त्राचे शिक्षण देणारी राष्ट्रीय संस्था आहे आणि तेथे मित्रदेशांचे अधिकारीही शिकून जातात. ‘संधायक’ आणि ‘निर्देशक’ ही सर्वेक्षण जहाजे 2024 मध्ये, तर ‘इक्षक’ नोव्हेंबर 2025 मध्ये नौदलात दाखल झाली. ती कोलकात्याच्या गार्डन रीच गोदीने उभारली असून त्यांतील 80 टक्क्यांहून अधिक सामग्री स्वदेशी आहे. मॉरिशससारख्या मित्रदेशांच्या सागराचे सर्वेक्षणही आपली जहाजे करून देतात. जगाला वाट दाखवणाऱ्या या देशाचा कोळी मात्र परदेशी कंपनीच्या कार्डावर विसंबून हर्णैच्या खडकांतून मार्ग काढतो! घरात विहीर असताना पाणी विकत घेण्याचाच हा प्रकार.

मोठ्या जहाजांना अधिकृत इलेक्ट्रॉनिक नकाशे आंतरराष्ट्रीय नियमांनी बंधनकारक केले. 2012 ते 2018 या काळात ती व्यवस्था टप्प्याटप्प्याने लागू झाली. हे नकाशे सांकेतिक कुलुपात बंद असतात आणि परवाना घेतल्यावाचून उघडत नाहीत. कोट्यवधींच्या जहाजाला तो खर्च जाणवत नाही. लहान नौकेचे काय? अमेरिकेकडे पाहा. तेथील शासन आपल्या सागराचे इलेक्ट्रॉनिक नकाशे कोणालाही विनामूल्य देते. करदात्याच्या पैशातून झालेले काम करदात्याचे आहे, ही त्यामागील भूमिका. त्यामुळे कोणताही यंत्रनिर्माता ते नकाशे आपल्या यंत्रात भरू शकतो. भांडवलशाहीचे माहेरघर समजला जाणारा देश हे करू शकतो. मग लोककल्याणाची भाषा बोलणाऱ्या आपल्या व्यवस्थेला अडचण कोणती?

सुरक्षेचा बागुलबुवा

येथे एक आक्षेप हमखास येईल: नकाशे खुले केले तर शत्रूच्या हाती पडतील. सुरक्षेची चिंता आम्हाला इतर कुणाहूनही कमी नाही. म्हणूनच हा आक्षेप तपासून पाहिला पाहिजे. 26 नोव्हेंबर 2008 रोजी मुंबईवर चालून आलेले दहा दहशतवादी ‘कुबेर’ ही भारतीय मासेमारी नौका बळकावून आले. त्या नौकेवर सापडलेले जीपीएस यंत्र पुराव्यात दाखल झाले. वाट शोधायला त्यांना डेहराडूनच्या परवानगीची गरज भासली नाही. आपल्या किनाऱ्याचे खासगी नकाशे जगात कोठेही कार्डावर विकत मिळतात. जे शत्रूला सहज मिळते तेच आपल्या माणसाला दुर्मीळ ठेवण्यात कसली आली सुरक्षा? नौदलाची ठाणी आणि संवेदनशील क्षेत्रे यांचा तपशील अवश्य राखून ठेवावा. परंतु खडक, उथळ जागा, बोया आणि दीपगृहे यांची माहिती हे गुपित नव्हे. मच्छीमारांना आपण सागरी सुरक्षेचे डोळे आणि कान म्हणतो. त्या डोळ्यांसमोर अधिकृत चित्र ठेवायलाच आपण कचरावे, हा कोणता न्याय?

सुरक्षेचा खरा प्रश्न वेगळा आहे. ठिपक्याचे स्थान देणारे जीपीएस उपग्रह अमेरिकेच्या सैन्यदलाच्या हाती आहेत. मे 2000 पर्यंत अमेरिका नागरी वापराच्या संकेतात जाणूनबुजून चूक मिसळत असे. जून 2025 मध्ये इराण-इस्रायल संघर्षाच्या काळात होर्मुझच्या परिसरात शेकडो जहाजांच्या उपग्रह-स्थानदर्शनात व्यत्यय आला. उत्तर म्हणून आपण ‘नाविक’ उभारले. 2016 मध्ये त्याची सात उपग्रहांची मालिका पूर्ण झाली आणि 2020 मध्ये आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेने त्यास मान्यता दिली. मात्र काही उपग्रहांतील परदेशी आण्विक घड्याळे बंद पडली आणि जानेवारी 2025 मध्ये सोडलेला एनव्हीएस-02 नियोजित कक्षेत पोहोचू शकला नाही. हे वास्तव झाकून स्वदेशीचा अभिमान बाळगता येत नाही. स्वदेशी म्हणजे घोषणा नव्हे, सातत्य. 2023 च्या एनव्हीएस-01 वर भारतीय बनावटीचे आण्विक घड्याळ गेले. त्या मार्गाने मालिका वेळेत सावरणे हाच खरा अभिमान.

मागण्या आणि कर्तव्य

30 ऑगस्ट 2024 रोजी पालघर येथे पंतप्रधानांच्या हस्ते एका योजनेचा प्रारंभ झाला. मासेमारी नौकांवर टप्प्याटप्प्याने एक लाख स्वदेशी ट्रान्सपाँडर बसवण्याची ही योजना आहे. संकटात संदेश पाठवणारे आणि सागरी सीमेजवळ सावध करणारे हे यंत्र स्वागतार्ह आहे. याच पालघर जिल्ह्यातील अनेक आदिवासी खलाशी गुजरातच्या नौकांवर राबतात आणि सरहद्दीजवळ पकडले जाऊन पाकिस्तानच्या तुरुंगात खितपत पडतात. ज्या सागरी सीमेवर दोन देशांचे एकमत नाही, तेथे परदेशी कंपनीने पडद्यावर ओढलेल्या रेषेवर आपल्या माणसाचे स्वातंत्र्य सोपवायचे काय? सावधानतेची रेषा आपल्या शासनाची हवी आणि ती प्रत्येक पडद्यावर हवी.

म्हणून आमच्या मागण्या सरळ आहेत. किनाऱ्यालगतच्या पाण्याचे अधिकृत इलेक्ट्रॉनिक नकाशे लहान नौकांसाठी विनामूल्य किंवा नाममात्र दरात द्यावेत. फेब्रुवारी 2021 मध्ये केंद्राने भारतीय कंपन्यांसाठी नकाशांची माहिती खुली करण्याचे धोरण आणले. तेच औदार्य समुद्राच्या बाबतीत पुरतेपणी दिसावे, म्हणजे आपले तरुण अभियंते स्वदेशी प्लॉटर बनवतील. यंत्रासाठी अनुदान देताना अधिकृत नकाशा, ‘नाविक’चा संकेत आणि मराठीसह स्थानिक भाषांतील सूचना या तीन अटी घालाव्यात. हैदराबादची ‘इन्कॉइस’ संस्था मासळीच्या संभाव्य क्षेत्रांची माहिती स्थानिक भाषांत देऊ शकते, तर धोक्याच्या खडकाची माहिती मराठीत का मिळू नये?

शासन जागे होईपर्यंत नौकामालकांनीही डोळे मिटून खरेदी करू नये. आधी नकाशा निवडावा, मग यंत्र. नकाशाची तारीख आणि दुरुस्तीची सोय विचारावी. एका कंपनीचे कार्ड बहुधा दुसरीच्या यंत्रात चालत नाही, हे ध्यानी ठेवावे. आपल्या बंदराच्या मुखाशी, जेथला प्रत्येक खडक तांडेलाला पाठ आहे, तेथे यंत्र काय दाखवते ते पैसे देण्यापूर्वी पाहावे. खोलीची आणि सीमेची घंटा सुरू ठेवावी, जायचा मार्ग आदल्या दिवशी नकाशा जवळ आणून टप्प्याटप्प्याने तपासावा. आणि होकायंत्र उतरवून ठेवू नये. डोंगराचे शिखर आणि देवळाचा कळस एका रेषेत धरून वाट ओळखणारी जुनी विद्या मुलांना शिकवावी. वीज गेली तरी ती विझत नाही.

किनाऱ्यापासून दूर राहणाऱ्या वाचकांना हा कोळीवाड्याचा प्रश्न वाटेल. पण ताटातली सुरमई आणि मुंबईची सुरक्षितता या दोन्ही त्याच नौकेवर स्वार होऊन येतात. विजयदुर्गापासून शंभर किलोमीटरवर खोल समुद्रात एक बुडालेले पठार आहे. जगाच्या नकाशांत त्याचे नाव आजही अँग्रिया बँक, म्हणजे कान्होजी आंग्र्यांचे नाव आहे. ज्या दर्यावर एका मराठी सरखेलाची मोहोर अशी उमटली आहे, त्या दर्याचा नकाशा त्याच्या वारसांच्या हाती देण्यासाठी आपण आणखी किती हंगाम थांबणार आहोत?