पडलेल्या खेळाडूभोवती

आज 15 जानेवारी. ऑलिम्पिकवीर खाशाबा जाधव यांच्या जन्माला आज शंभर वर्षे पूर्ण होत आहेत आणि त्यांच्या स्मरणार्थ महाराष्ट्र हा दिवस राज्य क्रीडा दिन म्हणून पाळतो. 1952 साली हेलसिंकीहून कांस्यपदक घेऊन परतलेल्या खाशाबांना कराडकरांनी बैलगाड्यांच्या लांबच लांब रांगेतून मिरवत नेले होते. गोळेश्वरच्या या पैलवानाला परदेशी पाठवण्यासाठी लोकांनी वर्गणी काढली होती, आणि कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजच्या प्राचार्य खर्डेकरांनी त्यासाठी आपले घर गहाण टाकले होते. खेळाडूवर जीव टाकणारी माणसे आपल्याकडे कमी नव्हती आणि आजही नाहीत. म्हणूनच आजच्या दिवशी एक अवघड प्रश्न विचारावासा वाटतो. हाच खेळाडू खेळता खेळता मैदानात कोसळला, तर आपण त्याच्याशी कसे वागतो?

प्रश्न आमच्या दारातला आहे. श्रीवर्धन तालुक्यात सध्या स्पर्धांचा हंगाम ऐन भरात आहे. भातकापणी उरकली की मोकळ्या खाचरांत खेळपट्ट्या तयार होतात आणि बोर्लीपंचतनपासून हरिहरेश्वरापर्यंत एकही शनिवार-रविवार मोकळा जात नाही. कुठे टेनिस बॉलचे क्रिकेट, कुठे प्रकाशझोतातली कबड्डी. मुंबई-ठाण्याहून पोरे गाडी करून येतात, रात्रभर खेळतात आणि सोमवारी पहाटे कामावर हजर होतात. झोप अपुरी, पोटात वडापाव आणि चहा, वर उन्हाचा तडाखा. खेळणाऱ्यांत सतरा वर्षांचा मुलगा असतो, तसा पंचेचाळिशीचा गृहस्थही असतो. त्याने रक्तदाब कधी मोजलेला असेलच असे नाही. सामन्याचे यूट्यूबवर थेट प्रक्षेपण होते, माइकवर समालोचक असतो, चषक टेबलावर मांडलेले असतात. खेळाडू कोसळला तर काय करायचे, एवढेच कुणी ठरवलेले नसते.

असे प्रसंग महाराष्ट्रात घडले आहेत. फेब्रुवारी 2021 मध्ये जुन्नर तालुक्यातल्या जाधववाडीत, आपल्याकडे भरतात तशाच एका गावस्पर्धेत, नॉन-स्ट्रायकरच्या टोकाला उभा असलेला फलंदाज खाली बसला आणि तिथेच कोसळला. नोव्हेंबर 2024 मध्ये छत्रपती संभाजीनगरच्या गरवारे स्टेडियमवर सलामीला आलेल्या पस्तिशीच्या खेळाडूने छातीत आणि हातात दुखत असल्याचे सांगितले, पंचांच्या परवानगीने तो मैदानाबाहेर निघाला आणि चालता चालता पडला. दोघेही वाचले नाहीत. त्यांची नावे आम्ही मुद्दाम छापत नाही. ती शोधू पाहणाऱ्याला मिनिटभरात सापडतील, आणि आमची तक्रार नेमकी तीच आहे. दोन्ही मृत्यू कॅमेऱ्यात टिपले गेले, तुकडे कापले गेले, त्यांवर करुण संगीत चढवले गेले आणि ‘पाहा थरारक व्हिडीओ’ अशा मथळ्यांखाली ते देशभर फिरले. वृत्तवाहिन्यांनी पडण्याच्या जागेभोवती लाल वर्तुळ काढून तेच दृश्य पुन्हा पुन्हा दाखवले. त्या माणसाची मुले मोठी होतील तेव्हाही तो तुकडा कुठेतरी चालूच असेल.

थेट प्रक्षेपणाला आमचा विरोध नाही. गावच्या पोराचा षटकार विक्रोळीच्या खोलीत बसलेल्या चुलत्याला दिसतो, यात आनंदच आहे. पण त्याच खोलीत त्या पोराची आईही मोबाइल धरून बसलेली असू शकते. मुलगा पडला हे तिला नातलगाच्या तोंडून, कुणाचा तरी हात खांद्यावर असताना कळायला हवे. ते तिला पडद्यावर, शेजारी भराभर सरकणाऱ्या अनोळखी माणसांच्या शेऱ्यांसकट कळत असेल, तर आपण तिच्यावर अन्याय करतो आहोत.

प्रसिद्ध खेळाडूचे याहून वाईट होते, कारण त्याचे आजारपण ही लोकांना आपलीच मालमत्ता वाटते. क्रिकेटपटू विनोद कांबळीच्या आयुष्यातले दोन प्रसंग इथे शेजारी ठेवून पाहावेत. 29 नोव्हेंबर 2013 रोजी तो चेंबूरहून वांद्र्याकडे स्वतः गाडी चालवत निघाला होता. वाटेत छातीत दुखू लागले. तिथल्या एका महिला वाहतूक पोलीस अधिकाऱ्याच्या ते लक्षात आले आणि त्यांनी त्याला तातडीने रुग्णालयात पोहोचवण्याची व्यवस्था केली. कांबळी वाचला. आदल्याच वर्षी त्याच्यावर अँजिओप्लास्टी झाली होती, म्हणजे वेळ गेला असता तर काय झाले असते हे सांगायला नको. त्या बाईंनी आधी मदत केली, नाव-गाव नंतर.

आता 2024. रस्त्यात तोल जाणाऱ्या, लोकांच्या आधाराने चालणाऱ्या कांबळीचे कुणीतरी केलेले चित्रण ऑगस्टमध्ये पसरवले गेले. मदत करणारे हात त्यात दिसतात, पण चित्रण करणाराही तिथेच होता. तो प्यालेला आहे, असा निकाल काही तासांत लागला. 3 डिसेंबरला शिवाजी पार्कवर आपले प्रशिक्षक रमाकांत आचरेकर सरांच्या स्मारकाच्या अनावरणाला तो आला, बालमित्र सचिन तेंडुलकरचा हात धरून बसला, आणि त्या काही क्षणांवर आठवडाभर चर्चा झाल्या: सचिनने हात सोडवला का, त्याने मित्रासाठी काय केले, काय नाही केले. देहबोलीचे जाणकार गल्लोगल्ली उगवले. हा माणूस आजारी दिसतो आहे, हे साधे वाक्य त्या गदारोळात फार थोड्यांनी उच्चारले. 21 डिसेंबरला त्याला भिवंडीजवळच्या काल्हेर इथे रुग्णालयात दाखल करावे लागले, आणि मेंदूत रक्ताच्या गुठळ्या असल्याचे डॉक्टरांनी सांगितले. ऑगस्टपासून त्याच्या चालण्यावर हसलेल्यांपैकी कितीजणांनी तेव्हा आपले शेरे पुसले असतील?

त्यानंतरही कॅमेरे थांबले नाहीत. खाटेवरून दिलेल्या मुलाखती, वॉर्डमध्ये गाण्यावर धरलेला ताल, सारे काही घराघरांत पोहोचले. त्याने स्वतःहून हसून प्रतिसाद दिला, हे खरे. आपल्या व्यसनाबद्दलही तो उघडपणे बोलला आहे. परंतु आपल्या दुखण्याविषयी स्वतः बोलणे आणि दुसऱ्याने ते आपल्या वतीने जगापुढे मांडणे यांत मोठे अंतर आहे, आणि आजारी माणसाचा होकार कितपत होकार असतो याचा विचार निरोगी माणसाने करायचा असतो. 17 कसोटींत 54 च्या सरासरीने 1084 धावा, लागोपाठच्या कसोटींत दोन द्विशतके, 1988 साली आझाद मैदानावर शाळकरी वयात सचिनबरोबर 664 धावांची भागी. हा खेळाडू कांजूरमार्गच्या साध्या वस्तीतून आला होता. त्याच्या चढत्या काळात आपण त्याला आपला म्हणालो. त्याच्या आजारपणाला करमणूक करण्याचा परवाना आपल्याला त्यातून मिळालेला नाही. चांगलेही घडले, ते सांगितलेच पाहिजे. 1983 च्या विश्वविजेत्या संघातले खेळाडू मदतीला पुढे आले आणि सुनील गावस्कर यांच्या संस्थेने पुढे त्याच्या उपचारांसाठी दरमहा साहाय्य सुरू केले. तीच खरी प्रतिक्रिया. पण तिची चित्रफीत नव्हती, म्हणून तिची चर्चाही थोडीच झाली.

पडलेल्या खेळाडूला कसे सांभाळायचे, हे एका परदेशी मैदानाने दाखवले आहे. 12 जून 2021 रोजी कोपनहेगनमध्ये डेन्मार्क-फिनलंड फुटबॉल सामना चालू असताना ख्रिस्तियन एरिक्सन कोसळला. त्याचे हृदय थांबले होते. कर्णधार सिमोन केअर धावत आला, आणि थोड्याच वेळात डेन्मार्कचे सगळे खेळाडू त्याच्याभोवती कडे करून उभे राहिले. बहुतेकांनी त्याच्याकडे पाठ केली होती, तोंडे बाहेर, कॅमेऱ्यांच्या आणि प्रेक्षकांच्या दिशेने. आत डॉक्टर छाती दाबत होते. फिनलंडच्या पाठीराख्यांनी आपले झेंडे दिले, त्यांच्या आडोशाने त्याला बाहेर नेले. इतके होऊनही प्रक्षेपण चालूच राहिले आणि बीबीसीला प्रेक्षकांची माफी मागावी लागली. एरिक्सन वाचला, हृदयाचा ठोका सांभाळणारे यंत्र छातीत बसवून आठ महिन्यांत पुन्हा मैदानात उतरला. त्या कड्यातल्या खेळाडूंपैकी अनेकांच्या डोळ्यांत पाणी होते, तरी ते जागचे हलले नाहीत. हे शिकण्यासारखे आहे, आणि त्याला खर्च काही नाही.

आपल्या क्रिकेटकडेही असा वारसा आहे. मार्च 1962 मध्ये बार्बाडोसला भारताचे कर्णधार नरी कॉन्ट्रॅक्टर यांच्या डोक्यावर चार्ली ग्रिफिथचा चेंडू आदळला. हेल्मेट नव्हते. कवटीवर शस्त्रक्रिया करावी लागली आणि रक्ताची गरज पडली, तेव्हा पॉली उम्रीगर, आपले बापू नाडकर्णी, चंदू बोर्डे यांच्यासह वेस्ट इंडिजचे कर्णधार फ्रँक वॉरेल यांनीही रक्त दिले. प्रतिस्पर्धी संघाच्या कर्णधाराने! कॉन्ट्रॅक्टर वाचले. पुढे कसोटी त्यांना खेळता आली नाही, पण दीर्घ आयुष्य लाभले.

निकाल सांगण्याची घाई हा आपला दुसरा दोष. खेळाडू रुग्णवाहिकेत असतो तोवर कारण ठरलेले असते. कुणी म्हणते लस, कुणी म्हणते व्यायामशाळेतली पावडर, कुणी म्हणते बाहेरची बाधा. कोविडच्या लशीमुळे तरुणांचे अचानक मृत्यू होत असल्याचा पुरावा नाही, हे भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषद आणि एम्सच्या अभ्यासांच्या आधारे केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने जुलै 2025 मध्ये पुन्हा स्पष्ट केले. वैद्यकशास्त्र जे सांगते ते कमी चटकदार आहे: पस्तिशीच्या पुढे बहुधा हृदयाच्या रक्तवाहिन्यांतला अडथळा, त्याआधीच्या वयात बऱ्याचदा जन्मजात किंवा आनुवंशिक दोष, म्हणजे हृदयाचा स्नायू जाड असणे किंवा त्याच्या विद्युत लयीत गडबड असणे. हे कळण्यासाठी तपासण्या लागतात. ऑक्टोबर 2025 मध्ये सिडनीत झेल घेताना मुंबईकर श्रेयस अय्यरच्या प्लीहेला इजा झाली, तेव्हाही ‘आयसीयू’ हा एकच शब्द घेऊन दिवसभर घबराट पसरवली गेली. तो फोनवर उत्तरे देतो आहे, असे सूर्यकुमार यादवला सांगावे लागले.

श्रीवर्धनला हे सारे अधिक लागू पडते, कारण अंतरे आपल्या विरोधात आहेत. शहरात उपजिल्हा रुग्णालय आहे, 108 ची रुग्णवाहिका आहे, पण सामना एखाद्या आडवाडीत चालू असेल तर ती पोहोचायला वेळ लागणार. म्हसळ्यावरून माणगाव गाठायलाच तासाभराहून अधिक, मुंबई तर चार-पाच तासांवर. हृदय थांबल्यावर छातीदाब सुरू झाला नाही, तर दर मिनिटाला वाचण्याची शक्यता सात ते दहा टक्क्यांनी घटते. म्हणजे निर्णय पहिल्या पाच-सात मिनिटांत होतो, आणि ती मिनिटे मैदानात उभ्या असलेल्या माणसांच्या हातात असतात. 3 जून 2020 ला निसर्ग वादळाने सुपारी-नारळाच्या वाड्या आडव्या केल्या, फोन बंद पडले, रस्ते झाडांनी अडले, तेव्हा कोयते-कुऱ्हाडी घेऊन वाटा आपणच मोकळ्या केल्या होत्या. बाहेरची मदत पोहोचेपर्यंत काय करायचे असते, हे या तालुक्याला कुणी शिकवायला नको.

मात्र छातीदाब शिकावाच लागतो. आपल्याकडे माणूस कोसळला की ‘फिट आली’ म्हणून कांदा किंवा चप्पल हुंगवतात, तोंडात पाणी ओततात, चारही बाजूंनी गर्दी करतात. हाकेला प्रतिसाद नाही आणि श्वास नाही, किंवा मधूनच अडखळत आचके आल्यासारखा श्वास आहे, तर हृदय थांबले आहे असेच समजावे. एकाने 108 ला फोन करावा. दुसऱ्याने छातीच्या मध्यभागी तळहातावर तळहात ठेवून, कोपर ताठ ठेवून, पाच-सहा सेंटिमीटर खोल, मिनिटाला शंभर ते एकशेवीस वेळा दाबावे आणि दर वेळी छाती पूर्ण वर येऊ द्यावी. दाबणारा दमतो, म्हणून दोन मिनिटांनी दुसऱ्याने हात घ्यावा. मदत येईपर्यंत थांबू नये. आणि सामना चालू असताना कुणी छाती, खांदा, जबडा किंवा डावा हात दुखत असल्याचे म्हणाला, तर ‘गॅस असेल रे’ म्हणून सोडा पाजू नये; गाडी काढावी.

आमची स्पर्धा आयोजकांना, गावकीच्या मंडळांना आणि कबड्डीच्या संघांना विनंती आहे. उपजिल्हा रुग्णालयातल्या डॉक्टरांना एक संध्याकाळ मैदानावर बोलवा आणि प्रत्येक संघातल्या निदान दोघांना छातीदाब शिकवून घ्या. अंतिम सामन्याच्या बक्षिसातले थोडे पैसे बाजूला काढून चार-पाच मंडळांनी मिळून हृदयाला विद्युतझटका देणारे यंत्र घेता येईल का, याचा विचार करा. प्रक्षेपण करणाऱ्या मुलांना आधीच सांगा: खेळाडू पडला की कॅमेरा फलकाकडे वळवायचा आणि ते चित्रण कुणालाही द्यायचे नाही. समालोचकाने नाव घ्यायचे नाही, अंदाज बांधायचा नाही. खेळ थांबला आहे आणि मैदानात डॉक्टर किंवा परिचारिका असतील तर पुढे यावे, एवढेच म्हणायचे. प्रेक्षकांतून डॉक्टर पुढे येतात. 2012 साली लंडनमध्ये फाब्रिस मुआम्बा कोसळला तेव्हा गॅलरीतला एक हृदयरोगतज्ज्ञच मैदानात धावला होता, आणि 78 मिनिटांनी त्याचे हृदय पुन्हा चालू झाले. घरच्यांना फोन कोणी करायचा, हेही कप्तानाने आधी ठरवून ठेवावे. उरलेल्यांनी पाठ करून कडे धरावे.

शिमग्याला अजून दीड महिना आहे आणि तोवर स्पर्धा चालतीलच. येत्या शनिवारी नाणेफेकीला दोन्ही कप्तान एकत्र येतील, तेव्हा पंचांनी नियमांबरोबर हे मुद्देही वाचून दाखवावेत.