आजोबांची टोपी भंगारात देऊ नका

विजयादशमी जवळ आली की आपल्या वस्त्यांतून घरांची रंगरंगोटी सुरू होते. माळ्यावरची लोखंडी पेटी खाली येते. तिच्यातून कधी आजोबांची फेल्ट हॅट निघते, कधी फौजेतली टोपी. कसर लागलेली, घामाचे डाग पडलेली ती वस्तू भंगारवाल्याच्या गाडीवर जाते. बंधू-भगिनींनो, थोडे थांबा, असे आमचे सांगणे आहे.

आपल्या देशात डोक्यावरचे वस्त्र नुसते उन्हापुरते कधीच नव्हते. पगडी, पागोटे, मुंडासे यांवरून माणसाची जात ओळखली जाई. हॅट मात्र कोणत्याच जातीची नव्हती. छायाचित्रांत बाबासाहेब हॅट घालून ताठ उभे दिसतात, तेव्हा आपल्या वाडवडिलांना त्यात काय दिसले असेल, हे वेगळे सांगायला नको.

फौजी टोपीचेही तसेच. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस महारांची लष्करभरती बंद झाली. पहिल्या महायुद्धात पलटण उभारली, तीही १९२१ साली मोडली. पुढे १ ऑक्टोबर १९४१ रोजी बेळगावात महार रेजिमेंट उभी राहिली. त्या काळातली टोपी घरात असेल, तर बंद दार पुन्हा उघडल्याचा तो पुरावा आहे.

आणि आपल्या अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावचे गाडगेबाबा! फुटक्या मडक्याचे खापर त्यांनी डोक्यावर घातले, त्यातच भाकर खाल्ली. डोक्यावरच्या प्रतिष्ठेला इतके रोखठोक उत्तर दुसरे कोणी दिले?

आता जपायचे कसे? प्रथम हॅट उलटी करून पाहा. आतल्या चामडी पट्टीवर किंवा अस्तरावर दुकानाचे नाव, माप छापलेले असते. ते पुसू नका. जुन्या हॅटचे शौकीन आधी तेच पाहतात. फेल्ट मऊ ब्रशने हलक्या हाताने झाडा. धुऊ नका. सोला हॅट भेंडाची असते, तिला पाणी मुळीच चालत नाही. आत पांढरा कागद चुरगळून भरा, म्हणजे आकार राहतो. प्लॅस्टिकच्या पिशवीत कोंडू नका, ओल धरते. कडुलिंबाचा वाळलेला पाला कापडात बांधून शेजारी ठेवा. वऱ्हाडचे ऊन रंग उडवते, म्हणून खिडकीपासून दूर ठेवा.

सर्वांत महत्त्वाची चिठ्ठी. टोपी कोणाची, कोणत्या गावची, कोणत्या सालची, कुठे घातली, हे लिहून सोबत ठेवा. टाचणी टोचू नका, गंज चढतो. नागपूरजवळच्या चिचोलीत वामनराव गोडबोले यांनी बाबासाहेबांच्या वापरातल्या वस्तू जपल्या, म्हणूनच आज आपली मुले शांतिवनात जाऊन त्या पाहू शकतात. आपल्या आजोबांसाठी सरकार संग्रहालय बांधणार नाही. ते काम आपल्याच पेटीला करायचे आहे. घरात वडीलधारी माणसे आहेत, तोवर त्यांना विचारून ती चिठ्ठी याच आठवड्यात लिहून काढा.