घरपट्टी वाढली: भरायची की थकवायची?

कन्नड तालुक्यातल्या देवगाव रंगारीसारख्या गावात वाढीव घरपट्टीचं बिल आलं की पहिला सवाल ठरलेला: नाली तुंबलेली, दिवे बंद, मग पैसे कशाचे?

बिल वाढतं कसं? डिसेंबर २०१५ च्या नियमांनुसार ग्रामपंचायत घराच्या भांडवली मूल्यावर कर लावते. जागेचा दर, बांधकामाचा प्रकार, घराचं वय आणि वापर यांवर ते ठरतं. पत्र्याच्या जागी स्लॅब आला की आकडा चढतो.

सवाल रास्त आहे, पण थकबाकी महागात पडते. ग्रामपंचायत अधिनियम, १९५८ च्या कलम १४ नुसार बिल मिळूनही तीन महिन्यांत कर न भरणारा सदस्यपदाला अपात्र ठरतो. म्हणजे जाब विचारणाराच बाहेर! आकारणी चुकीची वाटल्यास कलम १२४ नुसार पंचायत समितीकडे अपील करता येतं. नालीचा हिशेब मात्र ग्रामसभेतच मागायचा.