हलके ग्लायडर, पण कणा तोच

अमेरिकेत रिकामे वजन १५५ पौंडांपेक्षा, म्हणजे सुमारे ७० किलोंपेक्षा, कमी असलेल्या एका आसनाच्या ग्लायडरला हवाई योग्यतेचे प्रमाणपत्र लागत नाही. चालवणाऱ्याला परवानाही लागत नाही. युरोपमध्ये नेहमीच्या ग्लायडरला लागू असलेला सीएस-२२ हा नियम मात्र सांगतो की, समोरून गुरुत्वाच्या १५ पट भार आला तरी वैमानिकाची जागा शाबूत राहिली पाहिजे. वजन घटले म्हणून ही अट सुटावी का, हा खरा वाद आहे.

ग्लायडरमध्ये वैमानिक रेलून, पाय नाकापर्यंत पसरून बसतो. नाक जमिनीत घुसले की आधी घोटे आणि नडग्या मोडतात. धक्का खालून आला तर छाती आणि कंबर जिथे जुळतात तिथला मणका चेपतो. मज्जारज्जू दुखावला तर पाय कायमचे जाऊ शकतात.

ताशी ५४ किलोमीटर वेगाने आदळलेले शरीर १० सेंटीमीटरमध्ये थांबले, तर सरासरी धक्का गुरुत्वाच्या ११५ पट होतो. अर्ध्या मीटरमध्ये थांबले तर २३ पट. अमेरिकी हवाई दलाचे डॉक्टर जॉन स्टॅप यांनी १९५४ मध्ये रॉकेटवर धावणाऱ्या गाडीत घट्ट बांधून घेऊन ४६ पट धक्का सोसला होता. म्हणजे नुसते दणकट कॉकपिट उपयोगाचे नाही. पुढचे नाक चुरगळले पाहिजे आणि त्यामागचा पिंजरा टिकला पाहिजे. गेरहार्ड वाइबल यांनी १९८०च्या दशकात एएसडब्ल्यू-२४ ग्लायडर याच विचाराने घडवले.

हलक्या ग्लायडरचे समर्थक म्हणतात, ती सावकाश उतरतात. मुद्दा बरोबर आहे. वेग निम्मा झाला की ऊर्जा चौथाई होते. पण गिरक्या घेत कोसळणारे यंत्र उतरण्याच्या वेगाने आदळत नाही. शिवाय सूट वजनावर मिळत असेल, तर रचनाकाराचा हात पहिल्यांदा नाकातल्या किलोंवरच जाणार. नाक आणि पिंजऱ्याचे वजन त्या मर्यादेत धरूच नये, ही दुरुस्ती फार अवघड नाही.

तोवर एक स्वस्त उपाय वैमानिकाच्या हातात आहे. साधी मऊ उशी धक्क्यात आधी पूर्ण दबते, मग शरीर वेगाने तळावर आपटते. मणक्याला ती उलट घातक ठरते. ब्रिटनमधील डॉक्टर आणि ग्लायडर वैमानिक टोनी सेगल यांनी चाचण्या घेऊन ऊर्जा शोषणाऱ्या, दाबल्यावर सावकाश फुगणाऱ्या फोमचा आग्रह धरला. त्याने वजन फारसे वाढत नाही.