पेटी कोण सांभाळणार?

नाशिकच्या कुसुमाग्रज प्रतिष्ठानतर्फे विनायक रानडे यांनी २००९ मध्ये 'ग्रंथ तुमच्या दारी' योजना सुरू केली. २०१४ मध्ये तिच्या पेट्या दुबईतही आल्या. २५ पुस्तकांची पेटी एका घरी ठेवायची, आसपासच्या मंडळींनी पुस्तके वाचायला न्यायची, काही महिन्यांनी पेट्यांची अदलाबदल करायची. वाचकाला खर्च नाही, भाड्याची जागा नाही.

उत्साहाला आपल्याकडे तोटा नाही. गणपतीच्या बैठकीत नाटक, हस्तलिखित, बालवर्ग सगळे जाहीर होते. मग उन्हाळ्यात निम्मी मंडळी गावी जातात, कोणाची बदली होते, कोणाचा व्हिसा संपतो. परवान्याशिवाय देणग्या गोळा करायलाही इथे बंदी आहे, तेव्हा पैशाच्या जोरावर काम रेटण्याची सोय नाही.

आमच्या मते पेटी टिकली ती तिचे काम लहान म्हणून. सांभाळणारा गेला तर ती उचलून शेजारी नेता येते. नाटकाचा दिग्दर्शक असा उचलता येत नाही! म्हणून, काहींना कटू वाटले तरी सांगतो, ज्या कामाला पहिल्याच दिवशी दुसरा माणूस मिळत नाही, ते मंडळाने हाती घेऊ नये. आमच्या बालवर्गाच्या वेळी आम्ही हे पाहिले नाही. शिकवणाऱ्या वहिनी मस्कतला गेल्या आणि चौदा मुलांच्या वह्या अजून आमच्याच कपाटात आहेत.

आता शारजात पेटी सांभाळणारे कुटुंब मार्चमध्ये मुलांच्या परीक्षा संपल्या की पुण्याला परत जात आहे. दुसरे घर अजून ठरलेले नाही.