गुण आले, शेरा कुठे आहे?

या आठवड्यात भाचीने बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाची असाइनमेंट गूगल क्लासरूमवर टाकली. वीसपैकी चौदा गुण पडून ती परत आली. सहा गुण कशाचे कापले, याबद्दल एक अक्षर नाही. त्याच पडद्यावर समासात लिहायची सोय आहे, खासगी कॉमेंट पाठवायची सोय आहे. दोन्ही जागा कोऱ्या. "मामा, मग पुढची कशी लिहू?" या तिच्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं, आणि ते देणं माझं कामही नाही.

ऑनलाइन सबमिशनवर मी इथे लिहिलं की 'तुमचा तंत्रज्ञानाला विरोध का' अशी पत्रं येतात. विरोध नाही. ब्रिटनचं मुक्त विद्यापीठ बघा. 1971 साली तिथे पहिले विद्यार्थी शिकू लागले, तेव्हा असाइनमेंट टपालाने जायच्या. शिक्षकाची गाठ क्वचित पडायची, म्हणून असाइनमेंटवरचा शेरा हेच शिकवणं, असं त्या विद्यापीठाने मानलं. ट्यूटर समासात लिहायचा, शिवाय वेगळ्या फॉर्मवर सविस्तर अभिप्राय द्यायचा. त्यातल्या काही असाइनमेंट दुसऱ्या अनुभवी शिक्षकाकडे जायच्या. गुण योग्य आहेत का, हे तो पाहायचाच; पण या शेऱ्यावरून विद्यार्थ्याला पुढे काही सुधारता येईल का, हेही पाहायचा. पुढे टपाल गेलं, फाइल आली. शेरा मात्र राहिला, कारण तो आधीपासून कामाचा भाग होता.

आपल्याकडे 2020च्या टाळेबंदीत क्लासरूम आणि मूडल घाईघाईने आले, आणि आपण त्यांतून घेतलं काय? मुदत, वेळेची नोंद, गुणांचा तक्ता, नॅकच्या फाइलला लावायला स्क्रीनशॉट. वर इतर मजकुराशी असलेल्या साम्याचा टक्का! वाङ्मयचौर्याच्या 2018च्या यूजीसी नियमांतून असाइनमेंट स्पष्टपणे वगळल्या आहेत, तरी पहिल्या वर्षाच्या पोरांनाही दहा टक्क्यांचा धाक घातला जातो. हे मी लिहीत राहणार.

शेऱ्याने फरक पडतो का? संशोधक रूथ बटलर यांनी इस्रायलमधल्या शाळकरी मुलांवर केलेला अभ्यास 1988 साली प्रसिद्ध झाला. नुसता शेरा मिळालेल्या मुलांचं काम सुधारलं. शेऱ्यासोबत गुणही मिळाले, त्यांचं सुधारलं नाही. क्लासरूममध्ये गुण कळवण्याआधी कॉमेंट पाठवता येते. म्हणजे शेरा आधी, गुण आठवड्याने, हे उद्यापासून जमण्यासारखं आहे.

पण लिहिणार कोण? महाराष्ट्रातल्या कितीतरी महाविद्यालयांत हे काम तासिका तत्त्वावरच्या प्राध्यापकांवर येतं. त्यांना वर्गात घेतलेल्या तासाचे पैसे मिळतात; रात्री घरी वाचलेल्या असाइनमेंटचे नाहीत. त्यांना मी दोष देणार नाही. विद्यापीठांनी असाइनमेंट वाचून शेरा लिहिण्याचा वेळ कार्यभारात धरावा आणि त्याचं मानधन द्यावं. सबमिशनचं नवं पोर्टल त्यानंतर घ्यावं.